चौदा जणांची वर्गणी नेमकी कुठं घालावी?

प्रश्न : आम्ही केज तालुक्यातल्या एका गावचे चौदा मित्र, सगळे चाकण-भोसरीत नोकरीला. दरमहा प्रत्येकी हजार रुपये बाजूला काढतो. गेल्या १५ ऑगस्टला गावातल्या दोनशे लेकरांना दप्तर, वह्या, कंपास वाटले. सत्कार झाला, फोटो निघाले. दिवाळीत गावी गेलो तेव्हा त्यातली बरीच लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेलेली होती. दहावीत नापास झालेल्या दोन मुलींचं लग्न ठरलं होतं. मन खट्टू झालं. आमचा पैसा कमी पडतो का? मुलं कशी निवडावीत? गावात तीन विधवा बाया आहेत, त्यांना शेळ्या द्याव्यात असं काहींचं म्हणणं आहे. संस्था नोंदवावी का? आणि सरपंच यंदाही कार्यक्रम घ्या म्हणतात, त्यांना काय सांगावं?
– एक वाचक, मूळ जि. बीड

उत्तर :

दादा, पैसा कमी नाही. चौदा जणांचे वर्षाला १ लाख ६८ हजार होतात. एका गावापुरती ही रक्कम चांगली मोठी आहे. ती चुकीच्या इयत्तेवर आणि चुकीच्या महिन्यात खर्च झाली, म्हणून हाती काही लागलं नाही.

आधी इयत्तेचं बघू. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत तोवर पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, दुपारची खिचडी शाळेत. नववीला हे सगळं एकदम बंद होतं. बहुतेक गावांत हायस्कूलही नववीपासून दुसऱ्या गावी असतं. पुस्तकं विकत, गाडीचा पास विकत, डबा घरचा. आणि नेमक्या याच वयात लेकरू कामाचं होतं. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पंधरा वर्षांचा मुलगा अर्ध्या कोयत्यात धरला जातो. मुलीचं लग्न लावलं की नवी जोडी तयार होते आणि मुकादमाकडून जोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते. त्या दोन मुलींच्या घरी हाच हिशेब झालेला असणार. दुसरीतल्या लेकराला दप्तर देऊन तो बदलत नाही. म्हणून तुमचा पैसा नववी ते बारावी आणि त्यापुढच्या पहिल्या वर्षावर लावा. त्याखालच्या वर्गांत हात घालायचा असेल तर फक्त ऊसतोडीला जाणाऱ्या घरांपुरता.

आता महिन्याचं. शाळा जूनच्या मध्यावर भरते. मृग त्याच्या आठवडाभर आधी निघालेला असतो. सोयाबीनची बॅग, खताचं पोतं, पेरणीचं भाडं, आणि त्याच पंधरवड्यात वह्या, पास, प्रवेश फी. घरात पैसा एकच असतो आणि तो आधी रानात जातो, जायलाच पाहिजे. मग लेकराला ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हटलं जातं आणि पुढच्या महिन्यात ते खुरपायला जाऊ लागतं. तुमची दप्तरं ऑगस्टात पोचली, तोवर ज्यांची गळती व्हायची ती झाली होती. तुमच्या पैशाची खरी गरज वर्षातून तीनदा पडते : एप्रिल ते जून, दहावी-बारावीच्या निकालानंतरचा महिना, आणि दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधीचे पंधरा दिवस. बाकीच्या काळात वर्गणी साठू द्या.

यातलं सगळ्यांत मोलाचं काम कागदाचं आहे, आणि तेच देणाऱ्यांना सगळ्यांत नीरस वाटतं. सरकारचा पैसा मंजूर असतो, मुलगा पात्र असतो, आणि दोघांच्या मध्ये एक दाखला, एक बँक खातं किंवा तालुक्याची एक खेप अडकलेली असते. बापाचा दिवसाचा रोजगार बुडतो म्हणून ती खेप होत नाही. तिथं तुमचे दोनशे-चारशे रुपये हजारो रुपये मोकळे करतात.

उदाहरणार्थ आठवीची एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा, घ्या. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलं, मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत असलं आणि सातवीला ५५ टक्के असले (अनुसूचित जाती-जमातीला ५० चालतात) की बसता येतं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार, चार वर्षांत ४८ हजार. म्हणजे ज्या चार वर्षांत गळती होते तीच चार वर्षं. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय अशा दोन पेपरांची तयारी गावातला एखादा शिक्षक रविवारी सकाळी दोन तास घेऊ शकतो. दहा मुलांना सराव संच आणि परीक्षा केंद्रापर्यंत जीप, एवढाच खर्च. ज्या शाळांतून मुलं लागत नाहीत तिथं बहुतेक वेळा अर्जच भरलेले नसतात. लागलेल्यांचंही एक सांगतो : राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. नववीत पैसे आले आणि दहावीत थांबले की घरचे म्हणतात योजना बंद पडली. योजना चालू असते, नूतनीकरण राहिलेलं असतं.

हे सगळं चाकणहून फोनवर होत नाही. गावात एक माणूस लागतो. आमचा आग्रह आहे की गावात राहणारी, पदवी झालेली, मोबाईल नीट वापरता येणारी एखादी सून किंवा मुलगी बघा आणि तिला महिना ३ हजार मानधन द्या. आठवड्यातले दोन दिवस तिने हेच काम करायचं. ‘मदतीचा पैसा पगारात कशाला’ असं तुमच्यातला कोणीतरी नक्की म्हणेल. त्याला सांगा, वर्षाचे हे ३६ हजार काढले नाहीत तर उरलेले सव्वा लाख परत दप्तरांतच जातील. फुकटात करतो म्हणणारा हौशी कार्यकर्ता सोयाबीन काढणीला गायब होतो, आणि अर्जांच्या तारखा त्याच सुमारास असतात. बाई असली तर आणखी एक फायदा : मुलींच्या आया तिच्याशी बोलतात. लग्नाची बोलणी चालू आहेत हे हेडमास्तरांच्या आधी तिला कळतं. मुलीला १८ पूर्ण नसतील तर १०९८ हा बाल हेल्पलाइनचा नंबर आहेच, पण तिथवर जायच्या आधी आईला धरून बसवून बारावीपर्यंतच्या खर्चाची हमी देणं जास्त उपयोगी पडतं.

तिने पहिल्या महिन्यात एक शंभर पानी वही करावी, एका मुलाला एक पान. नववीत गेलेल्या प्रत्येक मुलाचे तीन कागद समोरासमोर ठेवायचे : आधार कार्ड, शाळेच्या जनरल रजिस्टरातली नोंद आणि जातीचा दाखला. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळली पाहिजे. ‘दत्ता’ आणि ‘दत्तात्रय’ एवढ्या फरकावर अर्ज परत येतो. ही दुरुस्ती दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी करून घ्यावी. शाळेतून शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो आणि काम होतं. बोर्डाचं प्रमाणपत्र छापून आल्यावर तेच काम कितीतरी अवघड होतं.

उत्पन्नाचा दाखला एक वर्षाचा असेल तर तो ३१ मार्चला संपतो. म्हणून जुना दाखवून चालत नाही, एप्रिलात नवा काढावा लागतो. एप्रिल-मेमध्ये सेतू केंद्रात गर्दी कमी असते. जूनमध्ये रांग लागते, सर्व्हर अडतो आणि शंभर रुपयांच्या आतल्या कामाचे पाचशे मागितले जातात. तुमच्या ताईने मेच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे कागद एकत्र करून एकाच दिवशी तालुक्याला न्यावेत.

जात पडताळणीचं काम अकरावीतच सुरू करा, आणि दहावीनंतर पॉलिटेक्निकला जायचं असेल तर दहावीतच. बारावीच्या निकालानंतर धावाधाव करणाऱ्यांच्या जागा जातात. पुरावा ठरावीक तारखेच्या आधीचा लागतो : अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. मराठवाड्यात इथं एक जादा अडचण येते. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या आणि महसुलाच्या जुन्या नोंदी निजामाच्या काळातल्या, म्हणून पुष्कळदा उर्दूत किंवा मोडीत असतात. त्यांचा भाषांतरित उतारा लागतो. वाचणारी माणसं थोडी राहिलीत आणि त्यांचं मानधन देणं मजुराला जड जातं. असा एक उतारा सापडला की त्या भावकीतल्या सगळ्या मुलांचं काम होतं, त्यामुळे हा खर्च आनंदाने करा.

शेवटचा कागद बँकेचा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती अर्जात लिहिलेल्या खात्यावर जात नाही, ज्या खात्याला आधार जोडलेला असतो तिथं जाते. मुलाने दोन बँकांत खाती काढली असतील किंवा खातं वापराविना निष्क्रिय झालं असेल तर पैसे परत फिरतात आणि कोणाला पत्ताच लागत नाही. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलाय ते, दिसते; ती दर सहा महिन्यांनी बघावी. आणि अर्ज भरून झाला म्हणजे काम झालं असं समजू नका. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनमध्ये जातो आणि बहुतेक तिथंच पडून राहतो, किंवा त्रुटीसाठी परत येतो. मेसेज जातो सायबर कॅफेवाल्याच्या मोबाईलवर, कारण फॉर्म भरताना त्याचाच नंबर टाकलेला असतो. नंबर मुलाचा किंवा ताईचा टाका आणि दर पंधरा दिवसांनी अर्ज कुठं आहे ते बघा.

कोणत्या मुलाला कोणती योजना लागू, तेही त्या पानावर आधीच लिहून ठेवावं. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना. बाहेर राहून व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयम, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. मुलींचं २०२४-२५ पासून आणखी सोपं झालंय : आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि इतर मागास घरांतल्या मुलींना प्रवेश फेरीतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. खोली, मेस आणि अनामत मात्र त्यात येत नाही, आणि मुलगी थांबते ती तिथंच.

हीच तुमच्या पैशाची दुसरी जागा. शिष्यवृत्ती येते ती वर्ष संपत आल्यावर, कधी वर्ष उलटल्यावर. मेसवाला महिन्याच्या एक तारखेला पैसे मागतो. या मधल्या खिंडीत बीडची, लातूरची, संभाजीनगरची किती मुलं कॉलेज सोडून घरी येतात ते कोणत्याही प्राध्यापकाला विचारा. यासाठी ४० हजारांचा फिरता निधी वेगळा ठेवा. एका मुलाला पाच ते आठ हजार, बिनव्याजी, शिष्यवृत्ती आली की परत. स्टॅम्प पेपर, जामीन काही नको, वहीत मुलाच्या हातची नोंद पुरते. पाचातला एक जण परत करू शकणार नाही असं धरूनच चाला आणि त्यावरून गावात चर्चा होऊ देऊ नका. पैसे शक्यतो मेसवाल्याच्या किंवा कॉलेजच्या खात्यावर भरा आणि पावती घ्या. पण हजारभर रुपये मुलाच्या हातात राहू द्या. चप्पल तुटली, ताप आला तर त्याने कोणाकडे फोन करायचा? जुन्या काळी गरीब विद्यार्थी वारावर जेवायचे, सात घरी सात वार. त्या पद्धतीत पोट भरायचं, पण मान खाली राहायची. मेसचे पैसे परस्पर भरले की मुलगा बाकीच्यांसोबत एका पंगतीला बसतो.

आता दहावीत नापास झालेल्यांचं, कारण तुमच्या पत्रात सगळ्यांत जास्त बोचलं ते हेच. निकालानंतर पुरवणी परीक्षा जून-जुलैत असते आणि तिचा फॉर्म निकालानंतर थोड्याच दिवसांत भरावा लागतो. त्या दिवसांत घरात सुतक असल्यासारखं वातावरण असतं, कोणी शाळेत फिरकत नाही, तारीख निघून जाते. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, हेही बऱ्याच घरांत माहीत नसतं. निकाल लागला त्याच संध्याकाळी ताईने नापास मुलांच्या घरी जायचं. पास झालेल्यांकडे पेढे घेऊन सगळेच जातात. परीक्षा फी, एक महिना गणित-इंग्रजीची शिकवणी, केंद्रापर्यंत जायचं भाडं : दीड-दोन हजारांत एका मुलीचं वर्ष वाचतं, आणि वर्ष वाचलं तर लग्नही लांबतं. ज्यांनी शाळा आधीच सोडली त्यांच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे, बाहेरून बसता येतं.

निवड म्हणून गुणांवर करू नका. नव्वद टक्केवाल्याला कॉलेज बोलावतं, पतसंस्था सत्कार करते, क्लासवाले फी सोडतात. पंचावन्न टक्केवाल्याकडे कोणी बघत नाही आणि गळतो तोच. अर्जही मागवू नका; अर्ज लिहितो तो ज्याच्या घरात लिहिणारा आहे. हायस्कूलच्या वर्गशिक्षकांकडून गैरहजेरीची यादी घ्या, अंगणवाडी ताई आणि आशाताईंना विचारा, कोणत्या घराने यंदा उचल घेतली ते बघा. तिन्हीकडून जे नाव आलं ते पहिलं. निवडीत सरपंच, पोलीस पाटील, राजकीय कार्यकर्ता ठेवू नका; वाईट म्हणून नव्हे, त्यांना नाही म्हणणं तुम्हाला जमणार नाही म्हणून. आणि ज्याला धराल त्याला बारावीपर्यंत धरा. एक वर्ष देऊन सोडलेला मुलगा न दिलेल्यापेक्षा जास्त दुखावतो. त्यामुळे पहिल्या वर्षी आठ-दहाच मुलं घ्या.

मुलींचा बसचा खर्च मोजून धरू नका. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीत अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, मुलांना मासिक पास एक तृतीयांश पैशांत मिळतो. गाडीच येत नसेल तर आगार प्रमुखांना शाळेच्या लेटरहेडवर मुलींची संख्या, शाळेची वेळ आणि फाट्याचं नाव लिहून पत्र द्या, खाली पालकांच्या सह्या. शाळा सुटते पाच वाजता आणि गाडी येते साडेसहाला, एवढ्यासाठी मुली शाळा सोडतात.

टोळीसोबत जाणाऱ्या लेकरांसाठी दसऱ्याआधी मुख्याध्यापकांना भेटा आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गेला का विचारा. आईबाप गावात नसताना मुलांना तिथल्या तिथं दोन वेळचं जेवण देण्याची ही सरकारी सोय शाळा व्यवस्थापन समिती चालवते. निधी उशिरा येतो, म्हणून शाळा कचरतात. पहिल्या महिन्याचा किराणा उसना भरू असं तुम्ही सांगितलंत तर प्रस्ताव पुढं सरकतो. तालुक्याला संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहात जागा असली तर तीही बघा. नाहीतर आजी. लेकरं आजीजवळ राहतात तिथं धान्याचा प्रश्न रेशनवर सुटतो, फक्त आजीचं नाव त्याच कार्डावर हवं आणि आईबाप निघायच्या आधी सगळ्यांचं ई-केवायसी झालेलं हवं. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो मिळतं. आजीचा अंगठा मशीनवर उमटला तर आईबापांच्या वाट्यासह मिळतं, पण ते कारखान्यावर तिकडे उचलणार असतील तर इथं मिळणार नाही, हे आधी घरात ठरवून घ्या. म्हाताऱ्या माणसांचे ठसे झिजलेले असतात, त्यामुळे आधारला मोबाईल नंबर जोडून ठेवा. मग उरतं तेल, डाळ, भाजी, दळण, साबण, औषध. एका घराला महिना दीड हजार, सहा महिन्यांचे ९ हजार. अशी दोन घरं घ्या. किराणा दुकानात खातं उघडून दिलेलं बरं, आजीकडची रोकड मागायला नातेवाईक येतात.

विधवा बायांना शेळ्या? पहिल्या वर्षी देऊ नका. आधी त्यांच्या घरातला कागद उघडा. नवऱ्याच्या पासबुकात मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला ४३६ किंवा २० रुपये कापल्याची नोंद दिसते का बघा. ४३६ म्हणजे जीवनज्योती विमा, २० म्हणजे सुरक्षा विमा. पहिल्यात कोणत्याही कारणाने, दुसऱ्यात अपघाताने मृत्यू झाला तर दोन लाख मिळतात, आणि दावा केलेलाच नसतो. साप चावून, वीज पडून किंवा रस्त्यावर शेतकरी गेला असेल तर गोपीनाथ मुंडे योजनेतून दोन लाखांचं अनुदान आहे, प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांत द्यायचा असतो. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस साठीच्या आत गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार. संजय गांधी निराधारचे महिना दीड हजार. आणि सगळ्यांत दुर्लक्षित म्हणजे बालसंगोपन : एक पालक गेलेल्या प्रत्येक मुलामागे महिना २,२५० रुपये, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. दोन मुलं असतील तर वर्षाला ५४ हजार झाले. दोन शेळ्या एवढं देत नाहीत. सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचं नाव लागलं का, हेही बघा. दिराच्या तोंडी भरवशावर राहिलेल्या बाईला पीककर्ज मिळत नाही, पीकविमा मिळत नाही, अतिवृष्टीचं अनुदानही दुसऱ्याच्या खात्यावर जातं. तलाठ्याकडे फेरफारासाठी तिच्यासोबत कोणीतरी जाणं, ही मोठी मदत आहे.

हे मार्गी लागल्यावर शेळ्या द्यायच्या तर नीट द्या. जी बाई ऊसतोडीला जात नाही, जिच्याकडे निवारा आहे आणि बांधावर शेवरी-सुबाभूळ किंवा घरात तुरीचा भुसा आहे, तिलाच. उस्मानाबादी आपल्याकडचीच जात, जुळी देते, काटक आहे. दोन दाती किंवा चार दाती, एकदा व्यायलेल्या दोन शेळ्या गावातून किंवा शेजारच्या गावातून ओळखीच्या घरून घ्या. आठवडी बाजारातून पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेल्या शेळ्या पीपीआर हा साथीचा रोग घेऊन येतात आणि गावातल्याही मारतात. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, पीपीआरची दिलेली नसेल तर तीही, जंताचं औषध पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. कानाला बिल्ला मारून विमा काढा. बोकड द्यायची गरज नाही, गावातला चालतो. शेळी पाच महिन्यांत विते. पहिल्या दोन वेतांतली एक पाट (मादी करडू) पुढच्या बाईला द्यायची, एवढी एकच अट ठेवा.

शिलाई मशीन मात्र टाळा. प्रत्येक पुढाऱ्याने वाटलेली मशीन गावात धूळ खात पडलेली सापडेल, ती शोधून दुरुस्त करून द्या.

पेरणीच्या बाबतीत एक बिनखर्ची काम आहे, ते ताईकडून करून घ्याच. एप्रिलमध्ये प्रत्येक घरच्या सोयाबीनमधले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा, आठवड्याने मोजा. सत्तर किंवा त्याहून जास्त चांगले कोंब आले तर एकरी ३० किलो पेरायचं. सत्तरच्या खाली दर टक्क्याला अर्धा किलो बियाणं वाढवायचं. साठच्या खाली आलं तर ते पेरू नये. घरचं बियाणं चाललं की जूनमध्ये बॅगचे पैसे वाचतात, आणि त्यातूनच नववीची पुस्तकं येतात. दाणे हाताळताना पोती आपटू नयेत, सोयाबीनचं साल पातळ असतं आणि उगवण लगेच पडते.

वर्षाचा हिशेब साधारण असा बसतो : ताईचं मानधन ३६ हजार, दाखले-प्रवास-भाषांतर १२ हजार, फिरता निधी ४० हजार, नववी ते पहिल्या वर्षापर्यंतच्या मुलांची पुस्तकं, मेस, पुरवणी परीक्षा ५० हजार, दोन आज्यांची घरं १८ हजार, आणि १२ हजार अडीअडचणीला. दुसऱ्या वर्षी फिरता निधी परत आला की शेळ्यांना पैसे निघतात.

संस्थेची घाई नको. चौदा मित्र आपापसांत वर्गणी काढतात तोवर दोघांच्या सहीचं एक वेगळं संयुक्त खातं आणि दर महिन्याला सगळ्यांना हिशेबाचं एक पान, एवढं पुरे. त्या खात्यात पगार किंवा घरचे पैसे येऊ देऊ नका, नाहीतर पुढं आयकराच्या वेळी उत्तरं देता येत नाहीत. ज्या दिवशी तुम्ही व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोड टाकून लोकांकडून पैसे गोळा करायला लागाल, त्या दिवशी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागेल. गणेश मंडळं सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली घेतात तीच. नोंदणीला किमान सात सभासद लागतात आणि नंतर दरवर्षी लेखापरीक्षण, बदल अर्ज, विवरणपत्र हे सगळं पाठीमागे लागतं. केवळ देणगीवरच्या ८०जीच्या करसवलतीसाठी करत असाल तर आधी विचारा तुमच्यातले किती जण जुन्या करप्रणालीत आहेत. नव्या प्रणालीत ही सवलत मिळतच नाही.

एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा. मुलांचे फोटो, गुणपत्रिका, आधार कार्ड ग्रुपवर टाकायचे नाहीत. ग्रुपवर फक्त ‘नववी, मुलगी, पुस्तकं, ९४० रुपये’ असं जायला हवं. पाच वर्षांनी तीच मुलगी कुठंतरी तलाठी किंवा नर्स होऊन बसेल, तेव्हा तिचा दप्तर घेतानाचा फोटो कोणाच्या मोबाईलमध्ये असता कामा नये.

सरपंचांना मान द्या, पण कार्यक्रमाला नाही म्हणा. ऑगस्टात ग्रामसभा असतेच. तिथं पाच मिनिटं मागून घ्या आणि नावं न घेता वर्षाचा हिशेब वाचा : किती दाखले काढले, किती शिष्यवृत्ती खात्यावर आल्या, किती अजून अडकल्या आणि कोणत्या कार्यालयात. अडकलेल्यांची यादी सरपंचांच्या हातात द्या. तहसीलला आणि पंचायत समितीला त्यांचं येणंजाणं असतंच, ते काम त्यांच्याकडून होईल आणि सत्कारही त्याच कामाचा करता येईल.